टॅव्हियनच्या खांद्यासाठी

—हो गं, तेच तर सांगतेय मघापासून, माझा ड्वेन मारकुटा नाहीच मुळी! शाळेत होता तेव्हासुद्धा मार खाऊन यायचा, देऊन नाही. लिहून घे हे — लिहीत नाहीस? फोनमध्येच राहतं होय सगळं? बरं, ठेव मग इथं टेबलावर, जरा त्या गार चहापासून लांब, ग्लासाला पाणी सुटतंय. घे की चहा. गोडच असतो आमच्याकडे, बिनसाखरेचा आम्ही आजारी माणसालाही देत नाही. तर हॅस्क्यू वकिलांना म्हणावं, मिस ओलेटानं काही म्हणता काही लपवलं नाही. सोमवारी खटला उभा राहणार, ज्युरीत बसणार ती आपल्याच बेल्फोर्डची माणसं — त्यांना फक्त आठवण करून द्यायची, त्या लाइल केचमनं काय केलं होतं. बास. मग कोण माझ्या पोराला तुरुंगात ठेवतं बघतेच मी.

तू बर्मिंगहॅमची ना? मग तुला फुटबॉलचं सांगायला नको. — नाही बघत? तुमच्या घरात कुणीच नाही? अगं बाई! मग शनिवारी करता काय तुम्ही? असो, असो, तुझा काय दोष त्यात. हे बघ, आमचं कॉलेज म्हणजे आमचं सगळं. आणि कार्डन म्हणजे नदीपलीकडचं कॉलेज, लाल डगलेवाले, त्यांचं नाव मी स्वयंपाकघरात घेत नाही. मी मुलांच्या जेवणघरात स्वयंपाकाला आहे — टीमच्या मुलांच्या — नवरा गेला त्या सालापासून. कार्डनच्या सामन्याच्या आठवड्यात आम्ही लाल काही अंगावर घालत नाही. मी तर टोमॅटोसुद्धा कापत नाही. हसू नकोस, खरं सांगते, मुलं विचारतात, मिस ओलेटा, केचप कुठंय, मी म्हणते, रविवारी मिळेल, जिंकून या आधी.

तर यंदा त्याच आठवड्यात, मंगळवारी, टॅव्हियन आला नाश्त्याला. टॅव्हियन मीक्स — आपला चेंडू फेकणारा पोरगा गं, सगळी टीम त्याच्या हातावर चालते — आणि त्यानं बिस्किट उचललं डाव्या हातानं. उजवा हात मांडीवर. मी ग्रेव्ही वाढत होते, मला काय कळायचं राहतं होय? मी म्हटलं, बाळा, खांदा का? त्यानं मान खाली घातली. तेवढ्यात मोठे कोच, बरेल, माझ्या पाठीशी येऊन उभे. म्हणाले, मिस ओलेटा, हे या भिंतींच्या आत राहू दे. मी म्हटलं, कोच, तुम्ही मला ओळखता. आणि मग त्याच टेबलावर, माझ्यासमोर, कोचच्या हाताखालच्या केचमनं मीठदाण्या मांडल्या — ते छोटे कोच सगळे तसंच करतात, मीठदाणी म्हणजे हा, मिरीदाणी म्हणजे तो — आणि ठरवलं, की शनिवारी टॅव्हियनऐवजी तो नवा डावखुरा पोरगा उतरवायचा आणि सगळा खेळ डाव्या बाजूनं न्यायचा. कार्डनवाले बसतील टॅव्हियनची वाट बघत. मी कॉफी ओतत होते. किती जणांना ठाऊक होतं हे? कोच मंडळी, डॉक्टर, टॅव्हियनची आई आणि मी. संपलं. मी कुण्णाला सांगितलं नाही. माझ्या पोटच्या पोराला नाही सांगितलं, ड्वेन माझ्याच हातचं जेवत होता आणि टॅव्हियन किती यार्ड फेकणार यावर मित्राशी फोनवर भांडत होता, मी ओठ शिवून भांडी घासत होते.

आणि शनिवारी काय झालं? पहिल्या चेंडूला — पहिल्या! — आमचा डावखुरा उतरला आणि कार्डनचे सगळे रेडे डाव्या बाजूला येऊन उभे. डाव्या बाजूला गं! त्या पोराला त्यांनी असं आपटलं, असं आपटलं, की त्याची आई माझ्यापुढच्या रांगेत होती, ती उठून निघूनच गेली. एक्केचाळीस-तीन. एवढी माणसं स्टेडियममध्ये आणि शेवटी आवाज नाही, नुसते पाय वाजताहेत पायऱ्यांवर. माणसं रडत होती. मोठी मोठी माणसं. ड्वेन गाडीत बसला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून — जाऊ दे. तुमच्यात नाही बघत, तुला नाही कळायचं.

मग सोमवारी रेडिओवर. सोमवारी संध्याकाळी लोक फोन करतात रेडिओवर, सामन्याबद्दल भडाभडा बोलतात. तर एक जण म्हणाला, कार्डनचा कोच दारू पिऊन सांगत होता, आम्हाला बुधवारपासूनच सगळं माहीत होतं, खांद्यापासून खेळापर्यंत. बुधवारपासून! मग दुसरा म्हणाला, केचम तरुणपणी कुठं खेळला होता, आठवतंय का? कार्डनला. तिसरा म्हणाला, सामना संपल्यावर कार्डनच्या कोचला मिठी कुणी मारली? केचमनं. त्याची आई अजून कुठं राहते? कार्डनमध्ये. झालं. आणखी काय पाहिजे? त्याच रात्री त्याच्या हिरवळीवर 'घर विकणे आहे'च्या पाट्या. आमच्याकडे ती पद्धतच आहे, कोच नकोसा झाला की कुणीतरी एखादी पाटी रोवतं, चेष्टेनं. पण या वेळी अंगण दिसेना इतक्या पाट्या. एक मीही — सगळ्यांनीच नेली, मी काय वेगळी? ब्रदर ग्रॅडीसुद्धा, आमचे पाद्री, उभे होते तिथं, हातात पाटी नव्हती एवढंच. केचमची बायको खिडकीत आली, कॉरिन, चांगली पोर आहे तशी, माझ्याकडून पीच कॉबलरची कृती घेऊन गेली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी पाटी नीट रोवली आणि घरी आले.

नंतर तिचे केस कापेनात पार्लरमध्ये. त्यांच्या कुत्र्याला कुणीतरी काहीतरी घातलं — ते वाईट झालं, ते मी तेव्हाच म्हटलं होतं, मुक्या जनावरानं काय केलंय? आणि केचम म्हणत राहिला, मी नाही सांगितलं, मी नाही सांगितलं, देवाची शपथ. कॉलेजनं घरी बसवला. आणि मग तो पेट्रोल पंपावर भेटला ड्वेनला. ड्वेननं एक ठोसा मारला. एक, गं. तो मागं पडला, मागं ट्रेलर ओढायची गाडी उभी होती, त्या लोखंडी हुकावर — डोळा. गेला डोळा. आता हे काय ठरवून केलं पोरानं? ठोसा त्याचा, हुक कुणाचा? आणि लिहून घे हे, म्हणजे राहू दे फोनमध्ये: गावातल्या दहातल्या नऊ माणसांचा हात शिवशिवत होता. पाठ थोपटली लोकांनी माझी किराणाच्या दुकानात! मिस ओलेटा, पोरानं गावाची लाज राखली म्हणाले.

काय? — मी सोडून बाहेर कुणाला ठाऊक होतं? सांगितलं ना, कुणाला नाही. असं काय वकिलासारखं विचारतेस — बरोबर आहे, वकिलाकडचीच तू. विचार. कुणाला नाही. मंगळवारी घरी आले, दार लावलं, गुडघे टेकले आणि देवाला सांगितलं. आणि साखळीला. — प्रार्थनेची साखळी गं, आमच्या चर्चच्या बायकांची! तुमच्यात नाही? अगं, कुणावर काही संकट आलं की मी वांडा फेला फोन करते, वांडा फे पुढच्या बाईला, ती तिच्या पुढचीला, करत करत शेवटची मर्लीन, आणि मर्लीन परत मला फोन करते, म्हणजे निरोप वाटेत बिघडला नाही ना ते कळतं. तर टॅव्हियनच्या खांद्यासाठी घातली मी साखळी. ते सांगणं नव्हे, बाळा. प्रार्थना वेगळी, सांगणं वेगळं. गप्पा मारायला फोन केला असता तर जीभ झडली असती माझी. आणि ब्रदर ग्रॅडी तर दर रविवारी बजावतात, देवाला मोघम सांगू नका, नेमकं मागा. म्हणून मी नेमकं मागितलं: टॅव्हियनचा उजवा खांदा लवकर बरा कर, आणि शनिवारी त्या डावखुऱ्या पोराला सांभाळ, सगळा खेळ डाव्या बाजूनं जाणार आहे तर ती डावी बाजू मोकळी ठेव, प्रभू. कुठली बाजू हे नको सांगायला? आणि मर्लीनचा फोन आला त्याच संध्याकाळी, शब्दन् शब्द बरोबर! ती तर म्हणाली, ओलेटा, मी माझ्या बहिणीच्या साखळीतसुद्धा घातलीय प्रार्थना, जितक्या जास्त बायका तितकं चांगलं. बघ म्हणजे, बहीण तिकडची, कार्डनची, तिकडच्या चर्चच्या बायका, आणि तरी आमच्या पोरासाठी गुडघे टेकले त्यांनी! याला म्हणतात —

काय झालं? चहा का ठेवलास?

नाही. नाही नाही, तसं काही नाही. मर्लीनची बहीण सत्तरीची आहे, साखरेचा आजार, तिला डावी बाजू काय नि उजवी काय. तिचा जावई आहे त्या कॉलेजात, पण तो — काहीतरी करतो तो, मैदानाचं, गवताचं — मला नाही ठाऊक काय करतो. असं बघू नकोस माझ्याकडे. केचम कार्डनला खेळला होता, त्यानं मिठी मारली होती, सगळ्यांनी बघितलंय. सगळं गाव एकदम चुकतं का कधी?

...

मंगळवारी संध्याकाळी साखळी. बुधवारपासून त्यांना ठाऊक. हो, मला मोजता येतं. तू आता मोजलंस, ड्वेनला पोलीस घेऊन गेले त्या दिवसापासून मी मोजतेय. वांडा फेनंही मोजलं असणार, मर्लीननंही, सगळ्याच बायकांनी, कारण तेव्हापासून आमच्यात एकीनंही फोन उचललेला नाही, चर्चमध्ये भेटलो की हवेबद्दल बोलतो. या गावात कुणी नुसतं शिंकलं तरी दारात पाच घरचं जेवण येऊन पडतं, आणि त्या माणसाचा डोळा गेला तर कॉरिनच्या दारात एक भांडं नाही. मी नेलं होतं. चिकन कॅसरोल. तिच्या गल्लीच्या तोंडाशी गाडीत बसले, मांडी भाजेपर्यंत बसले, आणि परत घेऊन आले. कुणी खाल्लं नाही ते.

बंद कर तो फोन. बंद कर म्हणते ना! आणि पुसून टाक — ते शेवटचं, साखळीचं. वकिलाला सांगितलेलं बाहेर जात नाही, हॅस्क्यू साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते. तू त्यांचीच माणूस, म्हणजे तुलाही लागू. केचमचं काय? त्याचा डोळा मी बोलले तर परत येणार आहे का? आणि मी बोलले, की ज्युरीसमोर माझा पोरगा काय होईल? आईच्या चुकीसाठी निरपराध माणसाचा डोळा फोडणारा. आता निदान गावाचा कैवारी आहे तो. सोडतील त्याला, किंवा थोडक्यात सोडतील. मला दुसरं लेकरू नाही, बाई.

तू आई नाहीस अजून, तुझ्या तोंडावर दिसतंय. रविवारी भेटायला जाते मी त्याला. काचेच्या पलीकडे बसतो. वाळलाय. जेवण कसं आहे विचारत नाही, गाडीचं विचारत नाही, एकच विचारतो, दर वेळी, आई, तोच होता ना? मी नीट माणसालाच मारलं ना? त्यावर झोपतो गं तो. तेवढंच आहे त्याच्याजवळ.

आणि मी म्हणते, हो रे राजा, तोच होता. या रविवारीही तेच म्हणणार. ऊठ आता. तुझी पर्स घे आणि मागच्या दारानं जा, पुढं शेजारीण बसलीय.