थोरल्या जावेची थट्टा

माझं माहेर म्हणजे एक गाव नव्हतंच, भीमेच्या काठाकाठानं जेवढी गावं हायती तेवढं सगळं माहेर, कारण आमच्या अप्पाची मेंढरं होती आणि मेंढरं जातील तिकडं आम्ही. घर होतं, पण पावसाळ्यापुरतं. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि अप्पा रागावले की हिंदीवानी बोलायचे, ते निजामाच्या राजातलं. अप्पा सांगायचे, त्या वक्ताला सरकारचा कागद उर्दूत यायचा, दवंडी देणारा हलगीवाला तो कुणाकडून तरी समजून घ्यायचा आणि गावच्या बोलीत वरडायचा, पण वरडता वरडता निम्मं इसरायचा, म्हणून सरकारचा तरास बी निम्माच पोचायचा. असं म्हणून अप्पा लई हसायचे. मला तवा ती नुसती गंमत वाटायची.

माझं नाव कमळाबाई. लग्न होऊन करजगीच्या पलीकडं या गावात आले. इथं दोघं भाऊ, एक चूल, आणि थोरली जाऊ काशीबाई, तिला मी अक्का म्हणते. अक्का बी आमच्यातलीच, तिच्या आजानं मेंढरं इकून रान घेतलं एवढाच फरक, पण काय सांगू तुम्हाला, तेवढ्यावर ती तोरा मिरवायची. पहिल्या दिवशी माझी भाकर बघून म्हणली, ही भाकर हाय का मेंढराचं खूर? मी कोपऱ्यात बसून रडले. दिवेलागणीला तिनंच मला पुढ्यात घेऊन डोक्याला तेल लावलं आणि म्हणली, ए मेंढरे, रडायलीस कामून, उद्या शिकवते की. तवापासून माझं नाव मेंढरी पडलं. ए मेंढरे, पाणी आण. ए मेंढरे, जेवलीस का. मी बी मग गप्प बसायची न्हाई, म्हणायची, तुमच्या आजानं मेंढरं इकली म्हणून तुम्ही काय देसाईणबाई झालाव का? घर हसायचं. मी पहिल्यापासून कामाची शिस्तीची, सकाळी कुणी काय करायचं, पाणी कुणी धरायचं, दळण कवा न्यायचं, सगळं ठरवून ठेवायची, तर त्याच्यावर बी ती म्हणायची, आली बघा, माणसं मोजायला आली, एक कमी भरलं तर लांडगा शोधायला जाईल. एखाद्या सकाळी तिनं टोमणा मारला न्हाई तर मी भाकर तव्यावर सोडून तिच्या कपाळाला हात लावून बघायची. ताप असायचाच.

मग हळूहळू सगळं बदलत गेलं. ऊस आला, सोलापूरला जायला गाड्या वाढल्या, पोरं शिकली, घरोघरी फोन झाले. मी वाईट म्हणत न्हाई. माझी लेक पुण्याला हाय, तिचं तोंड मला रोज फोनात दिसतं, आमच्या आईला माझं तोंड वर्षाला एकदा दिसायचं. बायकांला पंचायतीत जागा दिल्या ते बी बरंच केलं. पण ती जागा आमच्या वार्डात आली आणि गावच्या दोन पुढाऱ्यांला बाया पायजे झाल्या. एका पुढाऱ्याकडं माझे मालक बसाय-उठायला, दुसऱ्याकडं थोरले दीर. मला कुणी इचारलं न्हाई, अक्काला बी न्हाई. आम्हाला कळलं कवा, तर खांबाला फोटो लागल्यावर. शेजारी शेजारी दोघींचे फोटो, दोघी हात जोडून. अक्का खाली उभी राहून बघत म्हणली, ए मेंढरे, तू लई देखणी दिसायलीस की, कुणाचा फोटो लावलाय गं? आणि घरी येऊन आम्ही एकाच चुलीवर पिठलं केलं, तिनं कांदा चिरला, मी पीठ कालवलं.

आता नीट ऐका, इथनं पुढं माझं डोकं फिरतं.

अक्काकडं तिच्या बाजूच्या बाया आणि पोरं आली प्रचाराला. अंगणात बसून ती वाती वळायली होती. एकानं फोन धरला आणि इचारलं, अक्का, तुमची जाऊच उभी हाय, तुमचं काय म्हणणं? अक्का हसली आणि रोजच्यावानीच बोलली, अरे ती मेंढरामागं वाढलेली, तिला काय कळतंय, पंचायतीत बसवलं तर सगळ्या मेंबरास्नी हुर्र हुर्र करून मेंढरांच्या वाड्यात कोंडंल. आणि पुढं म्हणली, पर कामाला बसली तर चार बायांचं काम एकटी करती, माझं घर तिच्यावरच उभं हाय. मी घरात भिंतीपल्याड होते, मी दोन्ही ऐकलं, आणि मी पदर तोंडाला लावून हसले. सांगते ना, हसले.

फोनात गेलं तवा निम्मंच गेलं. मेंढरामागं वाढलेली, तिला काय कळतंय, एवढंच. तिचं हसणं बी कापलं. तिच्याकडच्या पोरांनी हौसेनं धाडलेलं आमच्या बाजूच्या पोरांच्या हाती लागलं, त्यांनी ते कापून गावाच्या ग्रुपवर टाकलं, तिथनं तालुक्याला गेलं, आणि दुसऱ्या दिवशी कुठली कुठली माणसं गाड्या घेऊन आली, समाजाचा अपमान झाला म्हणून घोषणा द्यायली. अरे बाबांनो, ती बी त्याच समाजाची हाय! पण त्यांला ती कोण हाय ते ठाऊक न्हाई, त्यांच्याकडं फोनातलं एक वाक्य तेवढं हाय.

मी मालकाला म्हणले, ही आमच्या घरातली थट्टा हाय, हिला गावात कामून न्यायलाव? मालक म्हणले, चार दिवस गप्प बस. मी पदर खोचला आणि सरळ पुढाऱ्याच्या दारात गेले. तो चहा पीत होता. म्हणला, कमळाबाई, मला बी कळतंय, पण आता ते तुमच्या दोघींत राह्यलं न्हाई, आता तो समाजाचा प्रश्न हाय. मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि वाटंला लावलं.

गाड्या घेऊन आलेल्यांनी हट्ट धरला, दोन्ही पुढारी व्हय म्हणले, आणि ठरलं असं की अक्कानं देवळापुढं माफी मागायची. सगळ्या गावासमोर, डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून. थोरल्या दिरानं खाली मान घातली होती. सगळ्यांचे फोन वर. अक्कानं हात जोडले. मला राहवलं न्हाई, मी कट्ट्यावर चढले, तिचे जोडलेले हात धरून सोडवले आणि म्हणले, हिनं मला हे रोज म्हणलंय आणि मी रोज हसलेय, हिनं मला भाकर शिकवली, हिनं माझी बाळंतपणं केली, हिच्याकडून माफी मागून घेणारे तुम्ही कोण? लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, कळलं यांना. पण ते बी फोनात गेलं, तेवढंच, आणि त्याच्याखाली लिहिलं, बघा, केवढं मोठं मन, हिलाच मत द्या. खांबावरचा माझा फोटो काढून नवीन लावला, अक्काचे हात धरलेला. मी ओरडले, भांडले, कुणी ऐकलं न्हाई. मी निवडून आले. गुलाल घेऊन पोरं आली तवा अक्कानं आतनं कडी लावली.

महिन्याभरात चूल वेगळी झाली. अंगणात भिंत आली. रानाला बांध पडला. मी दोनदा गेले, समजावलं, ते मी केलं न्हाई, ते त्यांनी केलं. ती म्हणली, व्हय, मला म्हाईत हाय. एवढंच.

यंदाच्या येळवसीला, म्हंजे मार्गशीर्षातल्या अवसेला, मी ठरवून गेले. आमच्याकडं त्या दिवशी सगळे रानात जातेत, कडब्याची खोप करतेत, पाच दगडांचे पांडव पुजतेत, आणि वाटंनं जाणाऱ्याला बी हाक मारून जेवायला बसवतेत. त्या दिवशी कुणाला नको म्हणायचं नसतं, ते मला ठाऊक होतं, म्हणूनच तो दिवस धरला. पालेभाज्या-शेंगा बेसनात शिजवून केलेल्या भज्जीचं पातेलं घेऊन बांध ओलांडला. अक्का उठली. पदर सावरला. म्हणली, या मेंबरबाई, बसा. घोंगडी अंथरली. आंबील दिली, बाजरीचे उंडे वाढले, अजून घ्या म्हणली, संकोच करू नका म्हणली. नातवंडांची चौकशी केली. बोलता बोलता तिचं ध्यान सारखं माझ्या हातांकडं, कमरंकडं जायचं, फोन कुठं हाय ते बघायची. मी म्हणले, अक्का, फोन घरी ठेवलाय. ती म्हणली, असू द्या, असू द्या.

मी मुद्दाम म्हणले, भज्जीत मीठ कमी पडलंय बघा, मला कवाच जमत न्हाई. वाट बघितली. मेंढरामागं वाढलेलीला काय येतंय, असं म्हणंल, तोंडात येईल तिच्या. ती भज्जी खाऊन म्हणली, छान झालीया.

तर असं हाय. भांडण न्हाई आमचं. दोन वर्षं झाली, ती मला एक वावगा शब्द बोललेली न्हाई. तुम्ही लिहून घ्यायलाव तर एवढं बी लिहा, माझं म्हणून. तुमच्या घरात तोंडावर वाईट बोलणारं एखादं माणूस असंल, तर देव त्याला लई आयुष्य देवो.