मार्गासनीच्या साखऱ्या आंब्याची कलमं

जमलेल्या मायबापांनो, काकी, आन् वरच्या वाडीच्या मंडळींनो, समद्यांस्नी माजा रामराम.

पाटील म्हनाले, भागू, तूबी चार शब्द बोल. मी शेरडामागं हिंडनारा मानूस. सभेत कवा उभा ऱ्हायलो न्हाई. पन आज गप बसलो तर परत कवा बोलनार?

सदूतात्या गेले त्याला आज तेरा दिवस झाले. त्यांची आंब्याची कलमं तुमच्या बांधावर हायेत. पार भोंगवलीपासनं लोक कलम मागायला यायचे. पन ह्याची सुरवात कशी झाली ते थोड्यांनाच ठावं. ते सांगतो. त्यात माजं पाप हाय, तेबी सांगतो.

पूर्वी आपन आंबा कसा उतरवायचो? गडी झाडावर चढायचा, फांद्या गदागदा हलवायचा. खाली दनादन आंबा पडायचा. तो गाडीत वतायचा आन् पुन्याची वाट धरायची. बाजारात पोचंस्तवर निम्मा काळा. उरल्याला आंबट, नुसता दोरा. घेनारा नाक मुरडायचा. तात्यांच्या बांधावर मातर साखऱ्याचं एक झाड होतं. गोड, बारीक कोयीचं. तात्या म्हनायचे, ह्या एका झाडाची शंभर झाली पायजेत. लोक हसायचे. कारन साखऱ्याची कोय लावली, तरी येनारा आंबा आंबटच निघायचा.

मंग तात्या चालत भोरला गेले. तिथं संस्थानच्या बागेतल्या माळ्याच्या हाताखाली राबले आन् कलम बांधायचं शिकून आले. कुंडीतलं रोप मांडवावर चढवून साखऱ्याच्या फांदीला भिडवायचं, दोघांची साल तासायची, आन् केळीच्या सोपानं, म्हंजे खोडाच्या वाळल्या सालीनं, आवळून बांधायचं. पयल्या वर्साला समदी वाळली. दुसऱ्या वर्सालाबी वाळली. तिसऱ्याला तीस जगली. तात्यांनी ती रानात लावली, भवती काटे लावले. रोज सकाळी एकेका कलमापाशी जाऊन उभे ऱ्हायचे.

त्या तीस कलमांचं काय झालं? तात्या समद्यांना सांगायचे, भेकरांनी खाल्ली. भेकरांनी न्हाई खाल्ली, मायबाप. माज्या शेरडांनी खाल्ली.

एका दुपारी पानी प्यायला मी त्यांच्या रानातल्या हिरीकडं शिरलो. वाटेवर फाटक म्हनून काट्यांची झाप होती, ती म्या लावली न्हाई. सावलीला टेकलो आन् डोळा लागला. उठून बघतो तर नुसत्या काड्या उभ्या. शेरडं हाकलली, झाप लावली. तात्या आले तवा मीच त्यांना म्हनालो, तात्या, डोंगरातनं भेकरं उतरली वाटतं.

तात्या काड्यांजवळ बसून ऱ्हायले.

दुसऱ्या दिशी ते दगड गोळा करायला लागले. भेकरं आडवायला छातीएवढा गडगा घालायचा होता. दोन उन्हाळे लागले. दोन्ही उन्हाळे म्या त्यांच्या जोडीनं दगड वाहिले. लोक म्हनायचे, भागू मोठ्या मनाचा. तात्याबी म्हनायचे. त्यो शब्द मला दगडापरीस जड व्हायचा.

पुना कलमं बांधली, पुना लावली. बाग आली. तात्यांनी झाडं हलवू दिली न्हाईत. बांबूला जाळी बांधून झेला केला, देठासकट एकेक फळ उतरवलं, भाताच्या पेंढ्यात निजवून पुन्याला नेलं. आंबा पडला का त्याचं मोल तिथंच सांडलं, असं म्हनायचे. गाडीच्या ढिगावर घेनारा व्यापारी एकेक फळ मोजून घ्यायला लागला. मंग समद्या गावानं झेला धरला. मलाबी पाच कलमं दिली त्यांनी. वाडीवर लावली, फळं आली. माजी पोरं कोपरापत्तुर रस चाटत खायाची. म्या मातर त्या आंब्याला कवा तोंड लावलं न्हाई.

ह्या श्रावनात तात्यांनी चाळीस कलमं बांधली आन् दसऱ्याला अंथरून धरलं. मी भेटायला गेलो. त्यांच्या मालकीन, ह्या काकी, उशाशी बसल्या होत्या. त्यांच्यादेखत म्या समदं सांगितलं. तात्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. काकी म्हनाल्या, भागू, आता घरला जा. दोन दिस मला भाकर गोड लागली न्हाई.

तिसऱ्या दिशी निरोप आला. तात्या भिंतीला टेकून बसले होते.

"मला राग आलाय, भागू," म्हनाले. "त्यो जायाला वेळ लागंल, आन् माज्याकडं वेळ न्हाई. तवा तू कामाला लाग. कलमं जुळल्यात, साखऱ्याच्या फांदीपासनं तोडायला आल्यात."

चौघांनी त्यांची बाज साखऱ्याखाली नेली. म्या चाकू धरला, पन काप वाकडा जायला लागला. तात्यांनी माजं मनगट धरलं. "आज निम्माच काप दे. बाकीचा आठ दिसांनी. एकदम तोडल्यालं कलमाला सोसत न्हाई." चाळीसच्या चाळीस त्यांनी तसंच मनगट धरून करून घेतली. मधी दोनदा दम लागला, पन थांबले न्हाईत.

त्या कापानंतर पाचव्या दिशी ते गेले. आठव्या दिशी मी एकटाच झाडाखाली आलो आन् उरल्याला काप दिला. तात्या न्हवते, मनगट धरायला कुनी न्हवतं. पन काप वाकडा गेला न्हाई.

तवापासनं रोज सावलीतल्या कुंड्या बघतोय. दोन वाळली. अडतीस उभी हायेत, आन् आज सकाळी त्यातल्या येकाचंबी पान मान टाकल्यालं न्हवतं. म्या तिथंच बसकन मारली.

काल काकींना धीर करून इचारलं, तात्यांचा राग गेला होता का? काकी म्हनाल्या, "शेवटच्या दिशी कलमांचंच इचारत होते. म्या सांगितलं, भागू बघतोय. तर म्हनाले, मंग बरं. आन् डोळे मिटून घेतले."

मंग बरं. मायबापांनो, एवढंच. पन इतक्या वर्सांनी माजी छाती मोकळी झालीय. तेराव्याला उभं ऱ्हाऊन असं म्हनू नये, मला कळतंय. पन खोटं मी एकदा बोललोय, पुना बोलवत न्हाई. आज मला रडू येतंय, आन् बरंबी वाटतंय.

काकींचं म्हननं हाय का ही अडतीस कलमं ज्याच्या बांधावर साखऱ्या न्हाई त्याला द्यावी. जाताना न्या. झाप लावायला इसरू नका.

आता समद्यांनी उठावं, आन् साखऱ्याकडं तोंड करून घडीभर गप उभं ऱ्हावं.

तात्या, कलमं जगली. तुमी निवांत जावा. रामराम.