मामा ‘येतो’ म्हणाला

…नाही, पण अर्थ नको कळायला? तुम्हीच सांगा! मी एरवी इथे परदेशात, माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात कोडिंग करणारा माणूस, शिक्षक फक्त रविवारपुरता, बॉटनी डाउन्सच्या हॉलमधल्या मराठी शाळेत. पोरं जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला, फटकावत येतात आणि धडाधड वाचतात हो, जोडाक्षरंबिक्षरं सगळं, ‘ळ’ तर असा खणखणीत… पण तुम्हाला सांगतो, वाचता येतं, कळत नाही!

आणि आमच्या मुख्य बाई सुलभाताई, त्यांचं ठाम मत, “आधी उच्चार. अर्थ काय, मागून येतो.” मागून येतो? बस आहे का ती? माझं म्हणणं, आधी गोष्ट कळू दे, मग ‘ळ’चा ‘ल’ झाला तरी बेहत्तर. यावरून आमचं दर रविवारी वाजतं.

तर परवाचा धडा. मामाची सुट्टी संपते, तो आजीच्या पाया पडतो, ‘येतो’ म्हणतो आणि आजी डोळे पुसते. एवढंच. जुईनं, म्हणजे वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीनं, इतकं सुरेख वाचलं की सुलभाताईंनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, जुई, आजी का गं रडली?

“बिकॉज मामा इज कमिंग.”

अगं, जातोय तो! तर म्हणे, “नो काका, इट सेज येतो.” आणि मग आजीला हा मामा मुळीच आवडत नसणार, असं अख्ख्या वर्गानं ठरवून टाकलं! वाचता येतं, कळत नाही… मी घसा फोडून सांगितलं की बाळांनो, निघताना ‘जातो’ म्हणायचं नसतं, ते अशुभ, म्हणून ‘येतो’ म्हणायचं. तर पोरांनी काय म्हणावं? “सो ही लाइड?” घ्या, बिचारा मामा खोटारडा!

रडू यायचं बाकी होतं मला. सुलभाताईंकडे बघितलं, तर त्या म्हणतात, “‘डोळे’ काय स्वच्छ म्हटलं नाही पोरीनं?”

संपलं. डोकंच फिरलं. म्हटलं, सांभाळा तुमचा वर्ग, मी पुन्हा इथे पाऊल ठेवणार नाही. पिशवी उचलली, तरातरा दारापर्यंत गेलो, वळलो आणि… सवय हो, जन्माची सवय… तोंडातून निघून गेलं, “येतो.”

सुलभाताईंचा चेहरा एवढासा झालेला. तर जुईच त्यांची समजूत घालते, “डोन्ट वरी, ताई. काका सेड येतो.”

आणि सुलभाताई, डोळे पुसत, “हो गं. आणि उच्चार किती स्पष्ट होता.”

म्हणजे आता रविवारी जाणं आलं.