बापाची हाळी

खर्ड्याच्या दवाखान्यात नंबरची वाट बघणाऱ्या स्नेहलचा कान शेजारच्या बाकड्याकडे लागला होता. तिथे आठव्या महिन्यातली आरती सासूसोबत बसली होती. नवरा बैलगाडी घेऊन ऊसतोडीला गेलेला. स्पीकरवरचा फोन आरतीच्या पोटावर.

"शिष्टर म्हनल्या, बाळाला आता आवाज कळतो. बोला की!"

"नमस्कार. मी गोरक्षनाथ बोलतोय."

"आरं गाढवा, सरपंचाशी बोलतो का?"

"आरते, हाललं का गं?"

"न्हाई वो."

"मंग आल्यावर तरी मला वळखंल का?"

"घरी रोज बैलांला हाळी द्यायचा, तशी दे!"

"होऽऽ सर्ज्या! चल!"

"अगं बया! आत्याबाई, हितं हात ठेवा! दोनदा लाथ मारली!"

"आरं, वळखलं बापाला!"

"खरं? आय... ठेव, ठेव फोन! भरली गाडी घेऊन बैलंबी निघाली!"