पोटाला कळणारसुद्धा नाही

नाही, पण मला आधी एक सांगा, ज्या पावडरच्या डब्यावर ठळक हिरव्या अक्षरांत ‘पोटाला हलकी’ असं लिहिलंय तो डबा एका हाताने उचलता येऊ नये, हे तुम्हाला खटकलं असतं की नाही? मला खटकलं. अगदी पहिल्या दिवशी, दुकानातच खटकलं. पण बोलले नाही, कारण समोर दुकानदार होता आणि त्याचा एकेक दंड माझ्या कमरेएवढा होता, आणि अशा माणसाला ‘अहो, हे जड आहे’ म्हणायचं म्हणजे... त्याने तो डबा दोन बोटांत धरून माझ्यापुढे ठेवला, मी तो दोन्ही हातांनी छातीशी ओढला, आणि तो म्हणाला, “बिनधास्त घ्या मॅडम. पोटाला कळणारसुद्धा नाही.”

आता माझ्या पोटाबद्दल तुम्हाला थोडं सांगायला हवं. माझ्या पोटाला सगळं कळतं. दारावरची बेल वाजली की माझ्याआधी त्याला कळतं. परीक्षेचा निकाल त्याला आदल्या दिवशी कळायचा. अनोळखी नंबरावरून फोन आला, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली, कुणी नुसतं ‘तुझ्याशी जरा बोलायचं होतं’ म्हणालं की आत कुणीतरी टेबल सरकवायला लागतं. एम.ए.च्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी माझं उत्तर मध्येच थांबवून खिडकीकडे बघितलं होतं आणि विचारलं होतं, “बाहेर गडगडतंय का?” मी म्हटलं, हो सर. बाहेर लख्ख ऊन होतं. सरांनी चष्मा पुसला आणि मला पास केलं.

असं पोट घेऊन माणसाने कोणतं काम करावं? कुठलंही करावं. भाजी विकावी, विमान दुरुस्त करावं, जिथे गलका असेल तिथे जावं. मी काय करते? मी मायक्रोफोनपुढे बसून पुस्तकं वाचते. लोकांनी कानांनी ऐकायची असतात ना, ती. आठ महिन्यांपूर्वी सुरुवात केली तेव्हा मला पुस्तक कोण देणार, तेव्हा मिळायच्या फोनवरच्या सूचना. एक दाबा, दोन दाबा, कृपया प्रतीक्षा करा... भिंतींना रजया टांगलेल्या एका खोलीत, एका सकाळी दीडशे वाक्यं, उपाशीपोटी, एका दमात. ती वाक्यं पुढे कुठल्या कुठल्या कंपन्यांना गेली ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आणि आता हे पहिलं अख्खं पुस्तक. बेचाळीस प्रकरणांची कादंबरी, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माझा आवाज. तुम्हाला सांगते, माझ्या सगळ्या देहात न घाबरणारी अशी तेवढी एकच गोष्ट आहे. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचायला लागले की आवाज असा सरळ चालतो, की मलाच वाटतं, ही कोण बाई, हिच्याशी ओळख करून घ्यायला हवी.

पण त्या लेखकाला पूर्णविरामाचं वावडं. नवव्या प्रकरणात एक वाक्य सव्वा पान चालतं, आणि त्या वाक्याच्या पाऊण वाटेवर माझा श्वास संपला, अक्षरं पोहायला लागली, आणि मी मायक्रोफोनच्या दांड्याला मिठी मारून उभी राहिले. मग डॉक्टरीणबाई. त्यांनी माझे रिपोर्ट बघितले, माझ्याकडे बघितलं, परत रिपोर्ट बघितले.

“खातेस काय दिवसभरात?”

“चहा.”

“आणि?”

“बिस्किट.”

“आणि?”

“...दुसरं बिस्किट.”

“अगं, श्वास काय हवेतून येतो का?” म्हणजे तसा तो हवेतूनच येतो, पण डॉक्टरांना कोण सांगणार. “जेवण घशाखाली उतरत नसेल तर निदान प्रोटीन पावडर तरी घे. रोज सकाळी. पोटाला सोसेल अशी बघ.”

बघ म्हणे. कुठे बघू? डब्यात डोकं घालून बघू?

तर तो पहिला डबा. चॉकलेटच्या चवीची, दुधापासून केलेली. सकाळी दुधात एक चमचा घातला, चमचा म्हणजे तो डब्यातच पुरलेला असतो, कोपरापर्यंत हात घालून शोधावा लागतो, ढवळून प्यायले आणि कामाला गेले. आता आमची ती रेकॉर्डिंगची खोली कशी असते सांगते. फ्रिजसारखं जाड दार, भिंतींना अंड्याच्या ट्रेसारखा स्पंज, एक दिवा. घड्याळ चालत नाही, टिकटिकतं. कडक इस्त्रीचे कपडे चालत नाहीत, सळसळतात. खुर्ची करकरते म्हणून मला स्टूल दिलंय. आणि काचेपलीकडे बसतो आमचा रेकॉर्डिंगवाला, त्याला सगळे कानसेन म्हणतात, कारण खालच्या मजल्यावर कुणी पेनाचं टोपण लावलं तरी हा मान वर करतो. वाचायच्या आधी रोज तीस सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करायची, ही आमच्याकडची पद्धत. पुढे कुठे खोकला आला, चूक झाली, की ती कापून तिथे ही शांतता चिकटवतात. म्हणजे बघा, माझ्या नोकरीतलं पहिलं काम हे, की तीस सेकंद काहीही करायचं नाही. आणि मला तेच जमत नाही.

दहावं प्रकरण. आजोबांच्या मृत्यूचा प्रसंग. श्वास उत्तम पुरत होता, डॉक्टरीणबाईंचं शंभर टक्के खरं. मी वाचलं, “आजोबा गेले. घरात कुणीच काही बोललं नाही.” आणि थांबले, तिथे थांबायचंच होतं. आणि त्या थांब्यात माझं पोट बोललं. छोटंसं नाही हो... चांगलं प्रश्नार्थक, शेवटी वर जाणारं.

कानात कानसेनचा आवाज आला, “कुणीतरी बोललं.”

पुन्हा वाचलं. आजोबा पुन्हा गेले. पोट पुन्हा बोललं. त्या दिवशी आजोबा अकरा वेळा गेले. संध्याकाळी कानसेनने मला आत बोलावून पडद्यावर दाखवलं, हिरव्या रेघेवर लाल खुणा, प्रत्येक खुणेखाली लिहिलेलं: पोट एक, पोट दोन, पोट तीन... मोठ्या स्पीकरवर लावूनही दाखवलं. वाईट हेतूने नाही, तो मनाने चांगला आहे, म्हणाला, “तुला कल्पना यावी म्हणून.” आली.

मग मावसभाऊ. हा आमच्या घरातला पैलवान, पाण्यापेक्षा पावडर जास्त पितो. “तू साधी घेतलीस? आणि दुधात? अगं वेडे, आयसोलेट घ्यायची, पाण्यातून. त्यातली दुधाची साखर जवळजवळ काढून टाकलेली असते. पोटाला कळणारसुद्धा नाही.”

दुसरा डबा. व्हॅनिला. या वेळी मी शहाणपणा केला, आधी घरी चाचणी. रविवारी सकाळी प्यायले, पंखा बंद केला, फ्रिजचं बटण बंद केलं, पलंगावर उताणी पडले आणि आईला म्हटलं, कान लाव. आईने बिचारीने अर्धा तास कान लावला. मध्येच मला वाटलं झोपली की काय. मग उठून म्हणाली, “गप्प आहे. इतकं सालस पोट मी या घरात बघितलं नाही. तुझ्या बाबांचं ऐकायला हवं होतंस.”

सोमवारी खोलीत गेले, दार बंद झालं, लाल दिवा लागला, तीस सेकंद सुरू... आणि अकराव्या सेकंदाला कुणीतरी आत टेबल सरकवलं. आता हे काय? घरी गप्प आणि इथे बोलतं? पावडर तीच, पाणी तेच, चमचा तोच. पोटाला कळणारसुद्धा नाही म्हणे. पत्ता कसा कळतो मग?

परत दुकानात. दंडवाल्याने माझ्याकडे अशा करुणेने बघितलं, की जणू मी त्याचा डबा पाडला होता. “मग तुम्हाला दूधच नको. वनस्पती घ्या. वाटाणा.” मी म्हटलं, वाटाण्याने उलट जास्तच... तो म्हणाला, “तो अख्खा वाटाणा. ही पावडर आहे. पोटाला...” मी म्हटलं, कळणारसुद्धा नाही. तो खूश झाला. म्हणाला, “तुम्ही वाचलेलं दिसतंय.”

वाचलेलं कसलं, तिथेच तर गोची आहे. मी व्यवसायाने वाचणारी बाई, सव्वा पानाचं वाक्य वाचते, आणि मला डब्याची मागची बाजू वाचता येत नाही. एकेका पदार्थाचं नाव असं, की सुरुवातीला श्वास घेतला तर शेवटी दुसरा घ्यावा लागतो. त्यातल्या निम्म्या म्हणे साखरा आहेत, आणि समोर लिहिलंय ‘साखर नाही’. आणि खाली, ‘एक ते तीन चमचे, गरजेनुसार’. कुणाच्या गरजेनुसार? माझ्या? डॉक्टरीणबाईंच्या? की दुकानदाराच्या?

वाटाणा ओल्या पुठ्ठ्यासारखा लागला. तो पिऊन मी अकरावं प्रकरण वाचायला गेले, आणि पहिल्या तीस सेकंदांनंतर कानसेन हळूच म्हणाला, “आज खर्जात लागलंय.”

शुक्रवारी स्टुडिओच्या मालकीणबाईंनी बोलावलं. ‘जरा बोलायचं होतं’ म्हणाल्या, म्हणजे पोटाला तिथेच कळलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, आवाज तरी झाकला गेला असता. म्हणाल्या, “वाचतेस सुंदर. पण दोन प्रकरणांना दोन आठवडे लागले, सगळा वेळ कापाकापीत. सोमवारी अकराला बारावं प्रकरण. स्वच्छ झालं तर पुढची तीस तुझी. नाहीतर मी दुसरा आवाज बघते, आणि मग पहिल्यापासून सगळं त्या आवाजात.” म्हणजे माझी अकरा प्रकरणंही पुसणार. ते अकरा वेळा गेलेले आजोबा दुसरीच कुणीतरी एका फटक्यात नेणार. आणि बारावं प्रकरण कसलं, तर दोन माणसं एका खोलीत काही न बोलता बसलेली. चौदा पानं.

पावडर सोडली तर श्वास जातो. घेतली तर शांतता जाते. करायचं काय माणसाने?

चौथा डबा मागवला. यावर लिहिलंय, ‘खास नाजूक पोटांसाठी’. ओट्यावर आता चार डबे ओळीने, आई म्हणाली, “आणखी दोन आण, म्हणजे ओट्याला कठडा होईल.” आणि या डब्यावर तळाशी एक नंबर होता: शंका असल्यास फोन करा. शंका असल्यास! मला सकाळी डोळे उघडल्यापासून शंकाच असते, मला असा नंबर आजवर कुणी दिला नव्हता. पण रविवारी त्यांना सुट्टी. मग डबा न उघडता पिशवीत घातला आणि सोमवारी साडेनऊला आमच्या ऑफिसच्या जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर, डबा मांडीवर घेऊन बसले आणि नंबर फिरवला. एकच विचारायचं होतं, एक चमचा की तीन, आणि तुमच्या या पावडरीचं माझ्या पोटाला कळणार की नाही, ते एकदा शपथेवर सांगा.

“आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा.”

केली प्रतीक्षा. मग सतार, मग परत ती बाई. दहा मिनिटं. मनात आलं, आवाज बरा आहे हिचा, सरळ चालतो, पण जरा उपाशी वाटते. वीस मिनिटं. ‘प्रतीक्षा’मधल्या ‘क्षा’वर ही उगीच रेंगाळते... आणि माझ्या हातातला फोन गार पडला. ‘क्षा’वर उगीच कोण रेंगाळतं? मी रेंगाळते. शाळेपासून रेंगाळते, बाईंनी पट्टी मारली होती.

ती मी होते. मी माझ्याच सांगण्यावरून पंचवीस मिनिटं जिन्यात बसले होते.

आणि मग फोन कानाशी घट्ट दाबून पुढच्या फेरीला ऐकलं. “आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.” आणि दोन वाक्यांच्या मधल्या त्या थांब्यात, अगदी खाली, पण मला न ओळखता येईल का... कुणीतरी टेबल सरकवलं.

आठ महिन्यांपूर्वी! तेव्हा कुठे होती पावडर? ना चॉकलेट, ना आयसोलेट, ना तो गरीब वाटाणा. तेव्हा माझ्या पोटात अर्धा कप चहाही नव्हता. म्हणजे मी तीन निरपराध डबे ओट्यावर ओळीने उभे करून ठेवलेत? म्हणजे घरी ते गप्प बसतं ते व्हॅनिलामुळे नाही, तर घरी लाल दिवा नाही म्हणून? मग ही चौथी घेऊ की नको? का तिन्ही एकत्र करून घेऊ, बोलायचंच आहे तर पोटभर बोलू दे? डोक्याचा नुसता भुगा झाला. दहा वाजून पाच मिनिटं झालेली. वरून कानसेनने जिन्यात डोकावून बघितलं, हा दार बंद असताना माझी घालमेल ऐकू शकतो, आणि म्हणाला, “ये लवकर, आज शांतता जरा जास्त घेऊन ठेवू.”

आणि तेवढ्यात फोन उचलला गेला.

“नमस्कार, आपल्याला वाट पाहावी लागली त्याबद्दल क्षमस्व, बोला.” दमलेली, सोमवारची, कुणीतरी बाई. मी तोंड उघडलं आणि अनोळखी माणसापुढे माझं जे होतं ते झालं. मी गप्प. ती गप्प. आणि त्या शांततेत पोट बोललं. शेवटी वर जाणारं, प्रश्नार्थक.

तिकडे कीबोर्डचा आवाज थांबला.

“ताई,” ती अगदी हळू म्हणाली, “हा आवाज आत्ता तुमच्या बाजूने आला? नाही, खरंच सांगा हं... आठ महिने झाले, आम्ही लाईनमध्ये बिघाड आहे म्हणून दोनदा माणूस बोलावला, सगळ्या वायरी बदलल्या, तरी वाट बघणाऱ्यांना तो रोज ऐकू येतोच, आम्हीही लावून ऐकलाय. एक आजोबा तर आता काम नसताना फोन करतात. म्हणतात, वाट बघताना तेवढीच कुणाची तरी सोबत वाटते.”

मी डब्याकडे बघितलं. मग म्हटलं, “लाईन चांगली आहे हो ताई. पावडर तुमची आहे, पोट माझं आहे... आणि डबा अजून उघडलेलाच नाही.”