मालकांच्या सिनेमातला जिना

…नाही, तुम्हीच सांगा, निर्मात्यानं पैसे द्यावेत, नटीशेजारी उभं राहून फोटो काढावा आणि गुमान घरी जावं की नाही? पण आमचे मालक! रोज सकाळी आवाजाच्या खोलीत हजर! माझ्या मागच्या खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे, आणि मी जीव तोडून एखादा आवाज काढला की हळूच, आजारी माणसाच्या उशाशी बोलावं तसं म्हणायचं, ‘आवाजवाले… असा नसतो हो.’

तुम्हाला सांगतो, माझं काम साधं. सिनेमात पावलं वाजतात, दारं करकरतात, हाडं मोडतात, ते सगळे आवाज नंतर मी एका बंद खोलीत पडद्याकडे बघत काढतो. हाड म्हणजे मुळा. पोटात सुरी म्हणजे कोबी. उभा जन्म लोक माझ्या कोबीला घाबरून किंचाळतायत, एकानं तक्रार केली नाही! आणि मालक काय म्हणतात? ‘हा कोबी आहे.’ मी म्हटलं, मालक, प्रेक्षकांना नाही कळत. तर म्हणाले, ‘मला कळतं.’ मालकांचा आधीचा धंदा काय ते मी सांगत नाही, तुम्हीही विचारू नका, एवढंच सांगतो की ते निघाले की अख्खा रस्ता मोकळा होतो, आणि त्यांच्या बायकोनं हट्ट धरला की एकदा तरी तुमचं नाव पोलिसांच्या फळ्याऐवजी सिनेमाच्या पडद्यावर दिसू दे, म्हणून हे सिनेमात आले. आले ते आले, माझ्याच खोलीत आले!

बरं, मुळा-कोबीवर भागलं असतं तरी चाललं असतं. पण गोष्टीत एक माणूस जिन्यावरून ढकलला जातो. गोष्ट मालकांनीच लेखकाला सांगितलेली. माझ्या खोलीत एक लाकडी जिना आहे, कुठंच न जाणारा, नुसता वाजवायचा. त्यावरून मी वाळूचं पोतं ओल्या कोटात गुंडाळून सोडलं. धाड धाड धाड! काय सुंदर पडलं! मागून, ‘असा नसतो हो.’ गादी सोडली. ‘असा नसतो हो.’ शेवटी चिडून मी स्वतः पडलो! कमरेचा काटा ढिला झाला, आणि हे डोळे मिटूनच, ‘नाही… असा नसतो हो. तो पडला, की मग… बारीक काहीतरी येतं. मागाहून.’ आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी मला सुचलं. अहो, माणूस ढकलला जातो तेव्हा काय नाडी बांधून तयार असतो का? बूट निघणारच! माणूस आधी पोचतो, बूट मागाहून. झालं, पोतं सोडलं, थांबलो, आणि एक जुना बूट वरून सोडला. टप… टप… टप. तळाशी आला आणि थांबला.

मालकांनी डोळे उघडले. खोलीत बसून डोळे उघडलेले मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि बघितले नसते तर फार बरं झालं असतं.

‘कुठं लपला होतास?’

बघा! ‘तुम्ही’ गेलं, ‘तू’ आलं! मी म्हटलं, कुठं, मालक? ‘त्या जिन्यात. माझा मेहुणा पाय घसरून गेला, असं घरी सांगितलंय मी. तिथं तो होता आणि मी होतो. बूट मागाहून आला, हे आम्हा दोघांनाच ठाऊक. त्यातला तो आता नाही. मग तुला कुणी सांगितलं?’ काय नशीब बघा! आवाज अगदी खरा यावा म्हणून जन्मभर मरमर मेलो, आणि तो खरा आला म्हणून आता खरंच मरायची पाळी! हात जोडले, शपथा घेतल्या, सुचलं हो मला, मुळा सुचला तसंच सुचलं! छे! खिशात हात घालून म्हणतात, ‘परत कर. माझ्यासमोर. नाव सांगेपर्यंत करत राहा.’

पोतं सोडलं. धाड धाड धाड. आता बूट सोडायचा, तर भीतीनं बोटं अशी आखडलेली की उघडेचनात. बूट माझ्या हातात… आणि जिन्यावरून आवाज आला.

टप… टप… टप.

मी बुटाकडे बघतोय, मालक बुटाकडे बघतायत, बूट हातात! मालकांचा चेहरा पांढराफटक. ओठ हलले, ‘असाच… असाच असतो हो.’ मग म्हणाले, ‘म्हणजे तू नव्हतास तिथं.’ मी म्हटलं, नव्हतो, मालक. ‘माफ करा हं, आवाजवाले.’ पुन्हा ‘तुम्ही’! आणि जिन्याकडे पाठ न करता, भिंतीला अंग घासत घासत बाहेर गेले. सिनेमा सोडला, धंदा सोडला, बंगलाही विकला, म्हणे आता तळमजल्यावरच राहतात.

सुटलो मी! तो मेहुणा मात्र माझ्याच खोलीत राहिला. जा म्हणून सांगायचं तरी कुणाकडे तोंड करून? आणि खरं सांगू, कामाला वाईट नाही. वेळेवर येतो, चहा मागत नाही, सुट्टी घेत नाही. दारं छान करकरवतो, पडण्याबिडण्याचं तर विचारूच नका. फक्त चालण्याचं काम तेवढं देता येत नाही हो त्याला… एकाच पायात बूट आहे ना!