एकाला चार घमेली

—हसा, काका, खुशाल हसा. सगळेच हसतात, आणि तुम्ही तर गवंडी, तुमच्या डोळ्यांना ही पावाची भट्टी म्हणजे शिवीच असणार. पण तुम्हाला पाडायला बोलावलंय, दुरुस्तीला नाही, एवढं ध्यानात ठेवा. नवरा चारला येतो. तो यायच्या आत माती, विटा, सगळं फाटकाबाहेर गेलेलं हवं, कारण तो आला की तुमच्याशी बोलत बसेल आणि तुम्ही हातोडा विसराल—माणसं विसरतात, तो बोलतोच तसा. पिल्लू, माती तोंडात नको. थुंक. थुंक म्हटलं ना.

हो तर, स्वतःच बांधली. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो तो. वीट म्हणून हातात घेतली ती वयाच्या तिसाव्या वर्षी. ही तिसरी भट्टी. पहिलीला धुराडंच नव्हतं—सगळा धूर दोरीवरच्या लंगोटांना. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, घरात कुणी विडी ओढतं का. दुसरीला धुराडं बसवलं ते पाठीमागे, म्हणजे लाकडं आम्ही घालायची आणि ऊब कावळ्यांनी घ्यायची. आता तिसरीला ते तोंडाशी आणलंय, वरून भुशाचा जाड थर दिलाय. बाळंतपणात मला कुणी इतकं गुंडाळलं नव्हतं. आणि एवढं करून पाव कसा, तर दाताखाली कचकच. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, आमचं तर अंगणही खरंच वाकडं झालंय—ते बघा, ओटा तिकडे खचलाय.

काय? नखानं झरते? झरणारच. म्हणून तर पाडायची. उद्या हा घुमट बसला आणि ही पोर खाली असली तर? मला असले विचार भाजी चिरतानासुद्धा येतात, तुम्ही हसू नका. आता हसू नका.

वाळू? हो, जास्तच आहे. मातीच्या एका घमेल्याला चार. कुणी सांगितलं म्हणजे? कुणी नाही, वाढवत गेला. पहिलीला दोन होती, दुसरीला तीन... कारण पहिली तडकली ना, दारापासून शेंड्यापर्यंत. दोन बरोबर होतं? नक्की? नाही, तुम्हाला ठाऊक असणारच, तुमचं आयुष्य गेलंय मातीत, पण—ओल्यावर मोठा जाळ? कोण घालेल मोठा जाळ? आठवडाभर रोज मूठभर काड्यांचाच जाळ करायचा, हे इथे सगळ्यांना माहीत होतं. त्यानं विटेवर खडूनं दिवस लिहून ठेवले होते.

असे बघू नका हो.

पहिली बांधली, त्याच्या तिसऱ्या दिवशी नणंद आली होती. म्हणाली, वहिनी, वारूळ झकास झालंय, नाग कधी येणार राहायला? आता मी रोज ह्याहून वाईट बोलत होते, तोंडावर बोलत होते. पण माझ्या नवऱ्याला मी हसेन, हिनं का हसावं? ती गेल्याबरोबर म्हटलं, संध्याकाळच्या आत गरम पाव हिच्या दारात पोचवते. कडेवर ही, आणि एका हातानं ओंडके घातले. शिकलेली बाई मी, काका—ओल्या मातीतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट लागते, हे शाळेत मार्क मिळवून पाठ केलेलं. अर्ध्या तासात आत खोकल्यासारखा आवाज झाला आणि चीर गेली वरपर्यंत. राख काढून टाकली, ओंडके विझवून लाकडांच्या मागे लपवले. तो आल्यावर म्हटलं, वाळू कमी पडली असेल. असेल, म्हटलं हं मी. त्यानं लगेच मान डोलावली. एकदा तरी विचारायचं ना, तू काही केलंस का? नाही. स्वतःवर शंका घ्यायची म्हटली की हा सर्वांत पुढे. तेव्हापासून वाळू वाढवतोय, आणि मी बघतेय. वर टोमणेही मारतेय.

हातोडा ठेवा खाली जरा. पाडून होणार काय? रविवारी चौथी सुरू करेल, पाच घमेली वाळू घालून.

नको, तो येईपर्यंत तुम्ही थांबू नका. त्याला तुम्हीच समजावाल, मला माहितीय, पण तुम्ही इथे असलात की मी तुमच्या आड लपेन—गवंडीकाका म्हणाले दोनच पुरे—आणि तो 'बरं' म्हणेल, आणि झालं. मला मी चांगली ओळखते. फाटक वाजलं का? आजच बरा लवकर आला. तुम्ही मागच्या बाजूनं निघा, काका. चहा राहिला तर राहिला. निघा.